दुसरा अल्बम आणि पहिलं मत

‘पहिलं छान होतं हो, पण दुसऱ्यात काही ती मजा नाही!’ हे वाक्य आपण सगळ्यांनीच कधी ना कधी उच्चारलेलं आहे. नाटककाराच्या दुसऱ्या नाटकाबद्दल, लेखकाच्या दुसऱ्या पुस्तकाबद्दल, नावाजलेल्या हॉटेलच्या दुसऱ्या शाखेबद्दल. पण हे वाक्य सगळ्यात जास्त वेळा आणि सगळ्यात ठणकावून कुणाला ऐकावं लागत असेल, तर ते रॉक बँडला, आणि तेही त्याच्या दुसऱ्या अल्बमबद्दल. असं का होतं? दुसरा अल्बम खरोखरच कमी प्रतीचा असतो, की आपण श्रोते त्याला वेगळ्या तराजूत घालतो? आज याविषयी थोडं बोलायचं आहे.

ज्यांचा या संगीताशी फारसा संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी एक-दोन गोष्टी आधी सांगतो. रॉक बँड म्हणजे चार-पाच जणांचा संच. एखाददुसरी गिटार, खालचा खर्ज सांभाळणारी बेस गिटार, ड्रम, कधी कीबोर्ड, आणि एक गाणारा. गाणी बहुधा हेच लोक रचतात, हेच वाजवतात. अशा आठ-दहा-बारा गाण्यांचा एकत्र संग्रह म्हणजे अल्बम. कवितासंग्रहच म्हणा ना. सिनेमाची गाणी ऐकताना आपल्यासमोर कथा असते, नट-नट्या असतात. इथे तसा आधार नाही. गाणं आवडलं तर आवडलं, नाही तर नाही. त्यामुळे श्रोत्याच्या मताला इथे फार वजन असतं.

मी बुधवार पेठेतला. आमच्या पेठेत दुसरेपणाला कमीपणा नाही. पुण्याच्या मानाच्या गणपतींमधला दुसरा, तांबडी जोगेश्वरीचा गणपती, आमच्याच पेठेतला. विसर्जनाच्या मिरवणुकीत तो कसबा गणपतीच्या पाठोपाठ निघतो आणि ‘पहिल्यासारखा नाही’ असं त्याच्याबद्दल म्हणायची कुणाची छाती होत नाही. अप्पा बळवंत चौकातल्या सेकंडहँड पुस्तकांवर तर पुण्यातल्या कित्येक पिढ्या शिकल्या. आणि याच पेठेत आहे तपकीर गल्ली. विजेचं सामान, स्पीकर, अ‍ॅम्प्लिफायर आणि नाना तऱ्हेचे सुटे भाग यांची ही गल्ली. तिथल्या एका लहानशा दुकानात मी बरीच वर्षं टेपरेकॉर्डर आणि डेक दुरुस्त करत असे.

आता डेक दुरुस्त करणाऱ्याचा श्रोत्यांच्या मतांशी काय संबंध, असं तुम्हाला वाटेल. संबंध असा, की दुरुस्त झालेला डेक तपासायला कॅसेट लागते, आणि ती गिऱ्हाइकाचीच असलेली बरी. हेड स्पिरिटनं पुसायचं, सैल झालेला बेल्ट बदलायचा, हेडचा कोन जुळवायचा आणि मग त्याच्या आवडीची कॅसेट लावून विचारायचं, ‘बघा, आता कसा वाटतोय आवाज?’ लोकांना काय आवडतं ते तोंडानं कळतंच, पण कॅसेट पाहूनही कळतं. ‘ए’ बाजूवरची छापील अक्षरं बोटांनी घासून पुसट झालेली आणि ‘बी’ बाजू अगदी कोरी करकरीत, असं दिसलं की समजावं, या माणसानं अर्धाच अल्बम ऐकलाय. पुष्कळदा गिऱ्हाईक ज्या अल्बमला नावं ठेवायचं, त्याच अल्बमची फीत ऐकून ऐकून ढिली झालेली असायची. तोंडाचं मत एक आणि कॅसेटचं दुसरं!

आपल्याकडचं या विषयातलं ठळक उदाहरण म्हणजे मुंबईचा ‘रॉक मशीन’ हा बँड. १९८४ साली तो सुरू झाला. उदय बेनेगल गायला, महेश तिनईकर आणि जयेश गांधी गिटारवर, मार्क सेल्विन बेसवर, झुबिन बालापोरिया कीबोर्डवर आणि मार्क मेनेझिस ड्रमवर, अशी त्याची गाजलेली जुळणी. १९८८ साली त्यांचा पहिला अल्बम आला, ‘रॉक अँड रोल रेनेगेड’. दोन वर्षांनी, १९९० साली, दुसरा आला. त्याचं नाव ‘द सेकंड कमिंग’, म्हणजे दुसरं आगमन. दुसरेपणा लपवण्याऐवजी यांनी तो सरळ कव्हरवरच छापला.

या दोन अल्बमचं महत्त्व कळायला तेव्हाची परिस्थिती लक्षात घ्यावी लागते. त्या काळी आपल्याकडे रॉक बँडनं काय करावं, तर परदेशी बँडची गाजलेली गाणी हुबेहूब वाजवून दाखवावीत, अशीच अपेक्षा असे. कॉलेजच्या महोत्सवांत मुलं ओरडून ओरडून फर्माइशी करत, त्या बहुधा इंग्लंड-अमेरिकेतल्या गाण्यांच्या. एखाद्या बँडनं ‘आता आमचं स्वतःचं गाणं’ असं जाहीर केलं, की निम्मे प्रेक्षक चहा प्यायला बाहेर! मुंबईत १९८६ पासून ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला आणि धोबीतलावच्या रंगभवनात या संगीताला हक्काचा श्रोता मिळू लागला. तरी स्वतःची गाणी रचून त्यांचा अल्बम काढायचा, आणि एक काढून न थांबता दुसराही काढायचा, हे मोठं धाडस होतं.

त्यात मत ऐकणार कुठे? १९९० साली आपल्या घरात उपग्रह वाहिन्या आलेल्या नव्हत्या. एमटीव्ही त्यानंतर आलं. खासगी एफएम केंद्रांची चोवीस तासांची धामधूम २००१ नंतरची. ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे या संगीताला वाहिलेलं मासिक निघालं १९९३ साली, तेही अलाहाबादहून. म्हणजे दुसऱ्या अल्बमचं भवितव्य ठरवणारी मुख्य गोष्ट होती तोंडी मत. कॉलेजच्या कट्ट्यावर, कॅसेटच्या दुकानात आणि आमच्यासारख्यांच्या गल्ल्याशी उभं राहून मुलं एकमेकांना जे सांगत, तीच समीक्षा. कॅसेट घ्यायची की मित्राकडून भरून घ्यायची, की घ्यायचीच नाही, हे त्यावर ठरे.

आमच्या दुकानात जी मतं कानावर पडत, त्यांचे साधारण तीन गट पडत. पहिल्या गटाचं म्हणणं असं, की इंग्रजी रॉकच ऐकायचं तर मूळच्या साहेबाचं ऐकू, आपल्या मुंबईच्या पोरांचं कशाला? या मंडळींनी अल्बम बहुधा ऐकलेलाच नसे. दुसरा गट पहिल्या अल्बमच्या भक्तांचा. त्यांना दुसऱ्यातही पहिलाच हवा असायचा. मिळाला नाही तर बँड बदलला म्हणून तक्रार, आणि मिळालाच असता तर तेच ते केलं म्हणून तक्रार! तिसरा गट लहान. हे लोक कॅसेट नेत आणि महिनाभर काहीच बोलत नसत. मग एके दिवशी सहज म्हणत, की दुसऱ्या बाजूचं अमुक एक गाणं आता चढायला लागलंय. मला या तिसऱ्या गटाचं फार कौतुक वाटे. त्यांच्या कॅसेटच्या दोन्ही बाजू सारख्याच घासलेल्या असत.

या दुसऱ्या गटातल्या लोकांना दोष देण्याआधी दुसऱ्या अल्बमची अडचण समजून घेऊ या. पहिल्या अल्बममधली गाणी ही चार-पाच वर्षांची साठवण असते. शाळा-कॉलेजात सुचलेली, पन्नास कार्यक्रमांत वाजवून पाहिलेली, लोकांनी नाकारलेली गळून जाऊन उरलेली. म्हणजे श्रोत्यानं ती आधीच चाळून दिलेली असतात. दुसऱ्या अल्बमला हा अवकाश नसतो. पहिलं चाललं की कंपनी म्हणते, ‘चला, वर्षभरात दुसरं द्या.’ आणि ते वर्ष तर गावोगावी कार्यक्रम करण्यात जातं. कोठार रिकामं आणि पंगत बसलेली, अशी गत.

इंग्लंडच्या ‘लेड झेपलिन’चंच पाहा. त्यांचा पहिला अल्बम जानेवारी १९६९ मध्ये आला आणि दुसरा त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये. मधल्या काळात दौरे चालूच. त्यामुळे दुसऱ्या अल्बमची गाणी जिथे जसा वेळ मिळेल तिथे, इंग्लंड-अमेरिकेतल्या निरनिराळ्या स्टुडिओंत ध्वनिमुद्रित झाली. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या समीक्षकानं त्याची टर उडवली. श्रोत्यांनी मात्र डिसेंबरात त्याला अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर नेऊन बसवलं, आणि तेही बीटल्सच्या ‘अ‍ॅबी रोड’ला खाली उतरवून. घाईत केलेलं सगळंच फसतं असं नाही, हेही यावरून दिसतं.

उलट वेळ घेतला की सुटका होते, असंही नाही. मँचेस्टरच्या ‘स्टोन रोझेस’ या बँडचा पहिला अल्बम १९८९ चा. त्यावर तरुण पोरं वेडी झाली होती. मग कंपनीशी कोर्टकज्जे झाले आणि दुसरा अल्बम यायला १९९४ चा डिसेंबर उजाडला. गंमत म्हणजे त्याचंही नाव ‘सेकंड कमिंग’! मुंबईच्या मुलांनी ते नाव चार वर्षं आधी वापरलेलं होतं. पाच वर्षं वाट पाहणाऱ्या श्रोत्यानं मनातल्या मनात एक अल्बम रचून ठेवलेला असतो. प्रत्यक्षात आलेलं वेगळं, जास्त जडशीळ गिटारचं संगीत त्या कल्पनेतल्या अल्बमशी कसं टक्कर देणार? पुष्कळांची निराशा झाली आणि १९९६ मध्ये बँड फुटला.

म्हणजे घाई केली तरी पंचाईत आणि उशीर केला तरी पंचाईत. मग अडचण फक्त बँडच्या बाजूला नाही, आपल्या कानातही काहीतरी आहे. रॉबर्ट झायन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६८ साली एक गोष्ट दाखवून दिली. एखादी गोष्ट आपल्या समोर वारंवार आली, की केवळ त्या ओळखीमुळेच ती आपल्याला जास्त आवडू लागते. अनोळखी अक्षरं, अनोळखी शब्द, चेहऱ्यांची छायाचित्रं यांवर त्यानं हे तपासलं होतं. संगीताला हे सहज लागू पडतं. आपण जेव्हा म्हणतो, की दुसरा अल्बम पहिल्यासारखा नाही, तेव्हा आपण कशाची कशाशी तुलना करत असतो? पहिल्या अल्बमच्या शंभराव्या ऐकण्याची, दुसऱ्याच्या पहिल्या ऐकण्याशी! पहिल्यातला प्रत्येक ठोका आपल्याला ठाऊक झालेला असतो. त्यात आपलं कॉलेज, आपली मैत्री, आपला पहिला पगार मिसळलेला असतो. नवीन आलेल्या बिचाऱ्या अल्बमजवळ यातलं काहीच नसतं. सासरी पहिल्या दिवशी आलेल्या सुनेच्या स्वयंपाकाची आईच्या हातच्या चवीशी तुलना करावी, तसलाच हा प्रकार.

आता एक उदाहरण जरा तपशिलात सांगतो, कारण श्रोत्यांचं मत किती फिरू शकतं आणि फिरेपर्यंत काय होऊन बसतं, हे त्यात स्पष्ट दिसतं. अमेरिकेत ‘वीझर’ नावाचा बँड आहे. १९९४ साली आलेला त्यांचा पहिला अल्बम खूप खपला. हसरी, चटकन ओठांवर बसणारी गाणी होती ती. त्यानंतर गाणी रचणारा मुख्य गायक रिव्हर्स क्वोमो हार्वर्ड विद्यापीठात शिकायला गेला. पायावर मोठी शस्त्रक्रिया झालेली, एकटेपणा, प्रसिद्धीचा आलेला कंटाळा, या सगळ्यातून त्यानं नवी गाणी लिहिली. पुचिनी या इटालियन संगीतकाराच्या ‘मादाम बटरफ्लाय’ या संगीतिकेत पिंकर्टन नावाचा बेफिकीर नौदल अधिकारी आहे. त्याचं नाव अल्बमला दिलं. सप्टेंबर १९९६ मध्ये ‘पिंकर्टन’ बाजारात आला. आवाज मुद्दाम खरखरीत ठेवलेला, शब्द अगदी उघडेवाघडे. पहिल्या अल्बमच्या भक्तांना धक्काच बसला. ‘रोलिंग स्टोन’च्या वाचकांनी त्या वर्षातल्या सर्वांत वाईट अल्बमच्या यादीत त्याला तिसरा क्रमांक दिला.

आणि पुढे? त्याच मासिकाच्या वाचकांनी २००२ साली आजवरच्या श्रेष्ठ अल्बमची निवड केली, तेव्हा हाच ‘पिंकर्टन’ सोळावा आला! अल्बम तोच, फीत तीच, एक सूरही बदललेला नाही. बदलले ते कान. मधल्या काळात नव्या वयाच्या मुलांनी तो ऐकला, एकमेकांना ऐकवला, त्यातला एकटेपणा त्यांना आपला वाटला. अनेक तरुण बँडनी त्यावरून स्फूर्ती घेतली. २०१० मध्ये वीझरनं कार्यक्रमांतून तो अल्बम पहिल्यापासून शेवटपर्यंत सादर केला, तेव्हा लोक शब्दन् शब्द सोबत गात होते.

शेवट गोड झाला असं वाटेल. पण ज्या माणसानं ती गाणी लिहिली, त्याला १९९६ चं मत सोसावं लागलं होतं. अल्बमच्या दौऱ्यानंतर बँड काही वर्षं जवळपास थंडावला. पुढचा अल्बम २००१ साली आला, तोही जपून, मापात बसवलेला. इतकं उघडं होऊन पुन्हा काही लिहायला क्वोमो तेव्हा तयार नव्हता. स्वतःच्याच ‘पिंकर्टन’ला तो जाहीरपणे नावं ठेवत होता. श्रोत्यांनी आपलं मत सहा वर्षांनी बदललं, पण त्या सहा वर्षांत जी गाणी लिहिलीच गेली नाहीत, ती कुठून आणायची? मत देणं आपल्याला फुकट असतं. त्याची किंमत कधी कधी दुसऱ्या कुणाला मोजावी लागते.

दुसऱ्या अल्बमच्या कथा सगळ्याच अशा दुःखी नाहीत. ‘निर्वाणा’ या बँडचा १९८९ चा पहिला अल्बम अवघ्या सहाशे डॉलरच्या आसपास खर्चात झाला होता आणि फार थोड्यांना ठाऊक होता. सप्टेंबर १९९१ मध्ये दुसरा, ‘नेव्हरमाइंड’, आला तेव्हा कंपनीनं अमेरिकेत सुरुवातीला जेमतेम शेहेचाळीस हजार प्रती पाठवल्या. जानेवारी १९९२ मध्ये त्यानं मायकल जॅक्सनच्या ‘डेंजरस’ला पहिल्या क्रमांकावरून हटवलं. पहिला फारसा कुणी ऐकलेलाच नव्हता, म्हणून ‘पहिल्यासारखा नाही’ असं म्हणणारेही फारसे नव्हते!

आपल्याकडे दिल्लीच्या ‘इंडियन ओशन’नं निराळीच वाट काढली. त्यांचा दुसरा अल्बम ‘डेझर्ट रेन’ १९९७ मधला. तो बंद स्टुडिओत केलेला नाही, लोकांसमोर झालेल्या कार्यक्रमाचंच ते ध्वनिमुद्रण आहे. म्हणजे श्रोता तिथे मत द्यायला नंतर येत नाही, गाणं घडत असतानाच समोर बसलेला असतो. आपल्या मैफलीत चालतं तसंच हे. पुण्याच्या श्रोत्याला ते कळायला अवघड जाऊ नये. समोरच्याची मान कुठे डोलते यावर गवई आपली पुढची जागा ठरवतो, हे आपण लहानपणापासून पाहत आलो आहोत.

आणि आमच्या ‘रॉक मशीन’चं पुढे काय झालं? १९९३ साली त्यांनी नाव बदलून ‘इंडस क्रीड’ केलं. सिंधू नदीचं नाव त्यात आलं आणि संगीतातही भारतीय रंग उतरू लागले. त्याच नावाचा अल्बम १९९५ मध्ये निघाला. १९९७ मध्ये बँड थांबला. मग २०१० साली बेनेगल, तिनईकर आणि बालापोरिया पुन्हा एकत्र आले, जोडीला तरुण वादक घेतले आणि २०१२ मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ हा अल्बम आला. हिशेब केला तर ‘इंडस क्रीड’ या नावाचा हा दुसरा अल्बम. एकाच बँडच्या नशिबी दोन वेळा दुसरा अल्बम, आणि दुसऱ्या खेपेला मधे सतरा वर्षं! तोवर जुन्या श्रोत्यांचे केस पिकलेले होते. त्यांतल्या काहींना मी ओळखतो. १९९० मध्ये जे म्हणत होते, की पहिला बरा होता, तेच आता नवा अल्बम ऐकून सांगत होते, की ‘सेकंड कमिंग’ची सर याला नाही. बावीस वर्षांत तो दुसरा अल्बम त्यांच्या लेखी जुना, म्हणजेच चांगला झाला होता!

आता कॅसेट गेल्या, डेक गेले, तपकीर गल्लीतही वेगळा माल आला. गाणी फोनवर आली. त्यानं मत देण्याची तऱ्हाही बदलली. कॅसेटवर गाणं ओलांडायचं म्हणजे बटण दाबून फीत पळवा, अंदाजानं थांबवा, चुकली तर मागे न्या, हा उपद्व्याप असे. त्यापेक्षा न आवडलेलं गाणंही ऐकून घेतलेलं परवडे आणि ऐकता ऐकता ते आवडूनही जाई. आज अंगठ्याच्या एका फटकाऱ्यानं पुढचं गाणं लागतं. स्पॉटिफायसारख्या सेवेत गाणं निदान तीस सेकंद वाजलं तर ते एकदा ऐकलं असं धरतात. म्हणजे एकोणतिसाव्या सेकंदाला तुम्ही पुढे गेलात, तर त्या गाण्याच्या हिशेबात तुम्ही आलाच नाहीत. पूर्वी बोलून दाखवावं लागे ते मत आता न बोलता, नकळत दिलं जातं आणि मोजलंही जातं. कॅसेटवरची पुसट अक्षरं फक्त माझ्यासारख्या मेकॅनिकला दिसत. आता ती कंपनीला रोजच्या रोज दिसतात. पुण्या-मुंबईत आपलीच गाणी, मराठीतून, हिंदीतून, इंग्रजीतून रचणारी मुलं आजही आहेत. त्यांच्या दुसऱ्या अल्बमचा निकाल या तीस सेकंदांत लागतो.

म्हणून माझं एक साधं सुचवणं आहे. एखाद्या बँडचा पहिला अल्बम तुम्हाला आवडला असेल आणि दुसरा आला असेल, तर तो तीनदा ऐका. पहिल्यांदा पहिला अल्बमच कानात वाजत असतो, ते ऐकणं धरूच नका. मध्ये आठवडाभर जाऊ द्या. दुसऱ्यांदा ऐकताना शेवटच्या गाण्यापासून सुरुवात करा, कारण शेवटची गाणी बहुतेकांच्या कानापर्यंत पोचतच नाहीत. तिसऱ्यांदा हातातलं काम ठेवून, कुणाशी न बोलता ऐका. मग मत खुशाल द्या, वाईट असेल तर वाईट म्हणा. कलावंताला उगाच गोंजारावं असं मी म्हणत नाही. खोटी स्तुती त्याच्या काही कामाची नसते. फक्त ‘पहिल्यासारखं नाही’ एवढ्यावर थांबू नका. अमुक गाण्यात शब्द नीट ऐकू येत नाहीत, अमुक गाणं उगाच लांबलं, अमुक ठिकाणी गिटार फार गोड लागली, असं काहीतरी नेमकं सांगा. तसं मत त्या मुलांना तिसऱ्या अल्बमच्या वेळी उपयोगी पडेल.